पीएफसी चालू आहे, तरी रॉकी व्ही२ चे पॅकेट गळतात: लॉसलेस रांगेची मांडणी कशी तपासायची?

लीफ_आठवा (प्रश्न)

आठ लीफ (रॅकमधले स्विच), चार स्पाइन (लीफना एकमेकांशी जोडणारे वरचे स्विच). सर्व्हरना १०० गिगाबिटची कार्डं, लीफ ते स्पाइन ४०० गिगाबिट, प्रत्येक लीफवरून प्रत्येक स्पाइनला एक अपलिंक. सर्व्हरच्या पोर्टपासून वर सगळं लेयर ३, व्हीलॅन टॅग कुठेच नाही. याच जाळ्यावरून जीपीयू ट्रेनिंगची रॉकी व्ही२ (इथरनेटवरून थेट मेमरी ते मेमरी जाणारी) वाहतूक आणि साधी टीसीपी वाहतूक एकत्र जाते.

स्विचवरची मांडणी अशी आहे:

सगळ्या पोर्टवर डीएससीपी ट्रस्ट, म्हणजे आयपी हेडरमधल्या या प्राधान्याच्या आकड्यावरून रांग ठरते. डीएससीपी २६ हे ३ नंबरच्या रांगेत, डीएससीपी ४८ हे ६ नंबरच्या स्ट्रिक्ट रांगेत, बाकी सगळं ० मध्ये. पीएफसी (रांग भरत आली की शेजाऱ्याला फक्त त्या प्रायॉरिटीपुरता पॉज पाठवून थांबवणं) फक्त ३ वर, म्हणजे तीच लॉसलेस, पॅकेट न गळणारी रांग. ३ नंबरच्या रांगेवर ईसीएन (पॅकेट न टाकता त्यावर कोंडीची खूण करणं): किमान १५० केबी, कमाल १५०० केबी, कमालीला १० टक्के. रांग ३ ला ६० टक्के, रांग ० ला ४० टक्के वाटा.

दुखणी दोन आहेत.

पहिलं, बँडविड्थची चाचणी दोन सर्व्हरमध्ये ट्रॅफिक क्लास १०६ देऊन चालवली तर ९७ गिगाबिटच्या आसपास मिळतात, सगळं स्वच्छ. पण ट्रेनिंगचं खरं काम लावलं की रिसीव्हरच्या कार्डवर आउट_ऑफ_सीक्वेन्स भराभर वाढतो, पाठवणाऱ्याकडे पॅकेट_सीक्_एरर वाढतो, आणि लीफच्या सर्व्हरकडच्या पोर्टवर बाहेर जाताना ड्रॉप दिसतात. त्याच वेळी प्रायॉरिटी ३ चे पॉज काउंटर दोन्ही दिशांना शून्य.

दुसरं, ज्या रॅकमध्ये स्टोरेजचे सर्व्हर आहेत तिथे ड्रॉप नाहीत, पण तिथला लीफ स्पाइनकडे प्रायॉरिटी ३ चे पॉज सतत सोडतोय आणि ईसीएनच्या खुणा मात्र अगदी थोड्या पडतात. परिणाम म्हणून ज्यांचा त्या रॅकशी संबंध नाही अशी कामंही हळू होतात.

हेडरूम (पॉज सोडल्यावरही येत राहणाऱ्या पॅकेटसाठी राखलेला बफर) सध्या स्विचच्या डिफॉल्टवर आहे. तो हाताने मोजावा का? आणि पीएफसी वॉचडॉग (फार वेळ पॉजमध्ये अडकलेली रांग ओळखून सोडवणारी सोय) चालू ठेवावा की नाही, यावरही मत हवं आहे.

---

पॅकेटपारखी

पहिल्या दुखण्याचं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. पॉज शून्य आणि ड्रॉप चालू, म्हणजे वाहतूक लॉसलेस रांगेत शिरलेलीच नाही. रांग ३ रिकामी बसली आहे आणि ट्रेनिंग रांग ० मधून टीसीपीच्या सोबतीने चाललंय. रांगनिहाय काउंटर काढा. पोर्टचा एकूण ड्रॉपचा आकडा यात काही सांगत नाही. कुठल्या रांगेत किती पॅकेट गेले आणि कुठल्या रांगेत पडले, हे वेगवेगळं बघायला हवं.

मग लीफवर मिरर लावून यूडीपी ४७९१ पोर्टचे चार-पाच पॅकेट पकडा आणि आयपी हेडरमधला टॉसचा बाइट वाचा. तो दशमानात १०६ हवा. डीएससीपी वरच्या सहा बिटांत असतो, म्हणून २६ ला ४ ने गुणून १०४, आणि खालच्या दोन बिटांत ईसीएन-सक्षम असल्याची खूण १०, म्हणजे आणखी २.

चाचणीत तुम्ही १०६ स्वतः दिलात, म्हणून ती स्वच्छ. एनसीसीएल (जीपीयूंमधली देवाणघेवाण करणारी लायब्ररी) मात्र सांगितल्याशिवाय ट्रॅफिक क्लास, म्हणजे हाच टॉसचा बाइट, ० ठेवतं. तिथे एनसीसीएल_आयबी_टीसी हे व्हेरिएबल १०६ करावं लागतं. इथे हमखास होणारी गफलत म्हणजे डीएससीपी २६ आहे म्हणून तिथेही २६ लिहिणं. हे व्हेरिएबल पूर्ण बाइट घेतं. २६ लिहिलं की वरचे सहा बिट होतात ६, म्हणजे डीएससीपी ६, आणि तो तुमच्या नकाशात नसल्यामुळे थेट रांग ० मध्ये. गंमत म्हणजे खालचे दोन बिट योगायोगाने १० च येतात, त्यामुळे ईसीएनच्या बाजूने सगळं ठीक दिसतं आणि शोध भलतीकडे वळतो.

त्यासोबत जीआयडी इंडेक्सही (कार्डाचा कुठला पत्ता, आणि त्यानुसार रॉकीची कुठली आवृत्ती वापरायची ते) तपासा. तो रॉकी व्ही१ च्या जीआयडीवर असेल तर पॅकेटला आयपी हेडरच नसतो, मग डीएससीपी कुठून येणार? मात्र तुमच्याकडे लीफच्या वर लेयर ३ असल्यामुळे तशी वाहतूक रॅकबाहेर गेलीच नसती. एकाच लीफखालच्या सर्व्हरमध्ये हा घोटाळा असू शकतो.

आता कार्डाची बाजू, कारण स्विच नीट करून लोक थांबतात आणि तिथेच अडकतात.

१. कार्डावरही ट्रस्ट डीएससीपीवर हवा. बऱ्याच कार्डांचं डिफॉल्ट पीसीपीवर (व्हीलॅन टॅगमधल्या प्रायॉरिटीवर) असतं. टॅग नसेल तर कार्ड सगळं प्रायॉरिटी ० समजतं. पॅकेटवर २६ छापलेला असतो, स्विच त्याला रांग ३ मध्ये घालतो, तुंबल्यावर प्रायॉरिटी ३ चा पॉज पाठवतो. पण कार्डाच्या हिशेबात ती वाहतूक ० ची, म्हणून ते थांबत नाही. स्विचचा हेडरूम भरून वाहतो आणि "लॉसलेस" वर्गात ड्रॉप दिसतात. ओळख: स्विचचे पाठवलेले पॉज वाढतात, कार्डाचा आरएक्स_प्रायो३_पॉज पण वाढतो, तरी स्विचवर आत येताना ड्रॉप.

२. ८०२.३एक्सचा जुना सरसकट पॉज बंद करा. तो आणि पीएफसी एका पोर्टवर एकत्र नांदत नाहीत, आणि काही कार्डांवर तो मुळातच चालू येतो.

३. डीसीबीएक्स (शेजाऱ्याशी पीएफसीची मांडणी जुळवणारा प्रोटोकॉल). स्विचवर पीएफसीचा मोड "ऑटो" असेल तर शेजाऱ्याशी एलएलडीपीवर बोलणं जुळलं तरच पीएफसी लागू होते. कार्डाच्या फर्मवेअरमधला डीसीबीएक्स आणि होस्टवरचा एजंट दोघेही बोलत असतील तर शेवटी कोणाची मांडणी लागली हे कळत नाही. पोर्ट मोजके असतील तर मोड सरळ "ऑन" करा, आणि कार्डाची मांडणी होस्टवरून स्थिर ठेवा. मात्र ती रीबूटनंतर टिकते का हे वेगळं पाहा. पीएफसी आणि ट्रस्ट बसवणारी बरीच साधनं चालू स्थितीच बदलतात, कायमची नाही. त्यासाठी सिस्टमडीची सेवा किंवा यूडेव्हचा नियम लागतो.

---

हेडरूम_हिशेबी

हेडरूमबद्दल. डिफॉल्ट बहुतेक वेळा चालतो, पण तो कुठल्या केबल लांबीवर बेतलाय हे माहीत नसेल तर स्वतः मोजलेलं बरं. हिशेब अवघड नाही.

एक्स-ऑफची मर्यादा ओलांडली की स्विच पॉज सोडतो. तो सोडल्यापासून शेजारी खरोखर थांबेपर्यंत जेवढे बाइट येतील तेवढी जागा हेडरूममध्ये हवी. त्यात हे येतं:

पॉज निघायच्या क्षणी आपल्याच पोर्टवरून एक मोठी फ्रेम बाहेर पडत असेल तर ती संपेपर्यंत पॉज थांबतो. ही फ्रेम कुठल्याही रांगेची असू शकते, म्हणून पूर्ण एमटीयू (फ्रेमचा कमाल आकार) धरायचा, ९२१६ बाइट.

शेजाऱ्याने पॉज वाचला तेव्हा त्याची एक फ्रेम आधीच निघालेली असेल. ती मात्र लॉसलेस वर्गाचीच मोजायची. रॉकीचा एमटीयू जास्तीत जास्त ४०९६, हेडर धरून फ्रेम ४२०० च्या आत. इथे पुन्हा ९२१६ धरला तरी बिघडत नाही, फक्त बफर वाया जातो.

पॉज फ्रेम स्वतः ६४ बाइट.

शेजाऱ्याचा प्रतिसादाचा वेळ. तो पॉज क्वांटात मोजतात, एक क्वांटा ५१२ बिटांचा, म्हणजे ६४ बाइट. १०० गिगाबिटला ३९४ क्वांटा धरतात, म्हणजे २५,२१६ बाइट. ४०० गिगाबिटला ९०५, म्हणजे ५७,९२० बाइट.

केबल. प्रकाश असो की तांबं, मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद, आणि जाऊन-येऊन दुप्पट.

१०० गिगाबिट, ३० मीटर: केबलचे ३०० नॅनोसेकंद म्हणजे ३,७५० बाइट. एकूण ९,२१६ + ४,२०० + ६४ + २५,२१६ + ३,७५० = ४२,४४६ बाइट.

४०० गिगाबिट, १५० मीटर: केबलचे १,५०० नॅनोसेकंद म्हणजे ७५,००० बाइट. एकूण ९,२१६ + ४,२०० + ६४ + ५७,९२० + ७५,००० = १,४६,४०० बाइट.

दोन आकड्यांत किती तफावत आहे बघा. स्पाइनच्या पोर्टला सर्व्हरच्या पोर्टचंच प्रोफाइल लावलं की नेमकं लांब केबलवर, आणि तेही फक्त मोठ्या कोंडीत, ड्रॉप होतात. असे ड्रॉप पकडायला फार त्रास होतो. म्हणून पोर्टनिहाय वेग आणि केबलची लांबी दोन्ही नीट भरा. ज्या स्विचवर लांबी सांगितली की तो स्वतः हेडरूम काढतो, तिथे लांबी खरी घाला. "५ मीटर" हे डिफॉल्ट तसंच राहू देऊ नका.

वर २० टक्के जादा ठेवा, कारण बफर बाइटांत मिळत नाही, सेलमध्ये मिळतो. चिपनुसार सेल ९६ पासून २५४ बाइटपर्यंत. ४ हजारांच्या फ्रेमला यात फारसा तोटा नाही, पण ६४ बाइटची फ्रेमही अख्खा सेल अडवते. लहान संदेशांचीच वाहतूक असेल तर २० टक्के पुरणार नाहीत, दीडपट-दुप्पट धरा.

तुमच्या लीफचा अंदाज काढू. सर्व्हरचे ४८ पोर्ट समजले तर ४८ × ५१ केबी = सुमारे २.४५ एमबी, आणि अपलिंक ४ × १७६ केबी = ०.७ एमबी. एकूण ३.१५ एमबी एका लॉसलेस वर्गासाठी. दुसरा लॉसलेस वर्ग काढलात की दुप्पट. "स्टोरेजला वेगळा, ट्रेनिंगला वेगळा" असा मोह होतो, पण हेडरूम बाजूला राखीव बसतो आणि तेवढा सामायिक बफर कमी होतो. त्यामुळे एक्स-ऑफ लवकर लागतो आणि पॉज वाढतात. एक वर्ग पुरत असेल तर एकच ठेवा.

आणखी एक जागा, जी मांडणीत नजरेतून सुटते: बाहेर जाणाऱ्या बाजूची मर्यादा. पीएफसी आत येणाऱ्या पोर्टच्या हिशेबावर चालते. पण पॅकेट बाहेरच्या रांगेच्या हिशेबातही मोजलं जातं. तिथे रांग ३ ला साध्या रांगेसारखी मर्यादा ठेवली तर आतल्या बाजूचा एक्स-ऑफ लागायच्या आधीच बाहेरची रांग "भरली" म्हणून पॅकेट टाकलं जातं, पॉज न सुटताच. लॉसलेस रांगेची बाहेरची मर्यादा पूर्ण पूलाइतकी हवी, म्हणजे थांबवायचं की नाही हे फक्त आतली बाजू ठरवेल.

---

लीफ_आठवा

पॅकेटपारखी, टॉसचा बाइट पकडला: २६ निघाला. कामाच्या स्क्रिप्टमध्ये १०६ केल्यावर वाहतूक रांग ३ मध्ये आली, आउट_ऑफ_सीक्वेन्स थांबला. कार्डांवर ट्रस्ट डीएससीपीवरच होता. बाहेरच्या बाजूची मर्यादा पूर्ण पूलाइतकी आहे, हेही बघून घेतलं.

दुसरं दुखणं तसंच आहे. त्या लीफवर हेडरूम आणि राखीव भाग वगळून सामायिक पूल २० एमबी आहे, आणि प्रायॉरिटी ३ च्या आतल्या बाजूचा अल्फा १/६४. पॉज लीफकडून स्पाइनकडे जातात. सर्व्हरकडून लीफकडे पॉज येत नाहीत.

---

खूण_आधी_पॉज_नंतर

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. सर्व्हरकडून पॉज येत नाहीत म्हणजे सर्व्हर हळू नाही. ४०० गिगाबिटच्या अपलिंकवरून आलेली वाहतूक १०० गिगाबिटच्या पोर्टवर उतरताना तुंबते, ही साधी कोंडी. ती ईसीएनने आवरायला हवी. पण तुमच्या आकड्यांत पॉज आधी लागतो आणि ईसीएन नंतर.

डायनॅमिक मर्यादेचं सूत्र: मर्यादा = अल्फा × उरलेला पूल. एकाच आतल्या पोर्टवरून कोंडी झाली तर ती स्थिरावते पूल × अल्फा ÷ (१ + अल्फा) वर. तुमच्याकडे २० ÷ ६५, म्हणजे साधारण ३०८ केबी. एवढ्यावर एक्स-ऑफ.

आता ईसीएन. रांग ३०८ केबीवर असताना खूण पडायची शक्यता: १० टक्के × (३०८ − १५०) ÷ (१५०० − १५०), म्हणजे जेमतेम १.२ टक्के. शंभरातल्या एखाद्या पॅकेटवर खूण पडते तोवर अपलिंक थांबलेला असतो. कमालीचे १५०० केबी तर या रांगेला कधी दिसतच नाहीत. वाहतूक चारही अपलिंकवर सारखी वाटली गेली तर प्रत्येकाला २९४ केबी मिळून बाहेरची रांग ११७६ केबीपर्यंत चढते आणि शक्यता ७.६ टक्क्यांवर जाते. पण स्टोरेजच्या सर्व्हरकडे थोड्याच क्यूपीमधून (रॉकीच्या जोडण्यांमधून) जाड प्रवाह येत असतील तर यूडीपीचे सोर्स पोर्टही थोडेच, ईसीएमपीचा (सारख्या वाटांवर प्रवाह वाटणाऱ्या पद्धतीचा) हॅश त्यांना एक-दोन अपलिंकवर गोळा करतो. मग १.२ टक्क्यांचीच स्थिती खरी.

दोन मार्ग आहेत, मी पहिला घेईन.

अल्फा १/८ करा. एका पोर्टची मर्यादा २० ÷ ९, म्हणजे २.२ एमबी. ती ईसीएनच्या १५०० केबीच्या वर आहे, म्हणजे एकाच अपलिंकवरून कोंडी झाली तरी आधी शंभर टक्के खुणा, मग गरज पडली तर पॉज. १६ पोर्ट एकदम तुंबले तर प्रत्येकी २० × ०.१२५ ÷ ३, म्हणजे ८३३ केबी. तेव्हाही बाहेरची रांग १५०० केबीला पोचते ती प्रत्येकाच्या ९४ केबीवरच, एक्स-ऑफच्या कितीतरी आधी. रांग ० चा अल्फा मात्र एकदा तपासून घ्या, कारण दोघे एकाच पूलातून घेत असतील तर टीसीपीच्या वाट्याला कमी येईल.

दुसरा मार्ग, अल्फा १/१६ ठेवून ईसीएनची कमाल १००० केबीवर आणणं. एका पोर्टची मर्यादा १.१८ एमबी, म्हणजे बसतं, पण फट कमी. पूल लहान असलेल्या चिपवर हाच बरा.

किमान १५० केबी ठीक आहे. १०० गिगाबिटला १० मायक्रोसेकंदांचा फेरा धरला तर वाटेतला डेटा १२५ केबी होतो. त्याच्या खाली किमान नेलात तर लिंक पूर्ण भरायच्या आधीच वेग कापला जाईल. स्पाइनच्या ४०० गिगाबिटच्या पोर्टवर हेच आकडे चौपट करायची गरज नसते, पण थोडे वर न्यावे लागतात.

एक सूचना, कारण ती महागात पडते: पॅकेटचे ईसीएन बिट ०० असतील तर त्यावर खूण करता येत नाही. कित्येक स्विच अशा पॅकेटला त्याच आलेखावर सरळ टाकतात, कारण आतून ती डब्ल्यूआरईडीच (रांग भरत जाईल तसे जास्त पॅकेट टाकणारी पद्धत) आहे. म्हणजे टॉस १०६ ऐवजी १०४ गेला तर लॉसलेस रांगेत ईसीएनच्या मांडणीमुळेच ड्रॉप होतील. हेडरूम कितीही मोजा, हे ड्रॉप जाणार नाहीत. काही कार्डं कंजेशन कंट्रोल चालू असेल तर हे बिट स्वतः भरतात, पण त्यावर विसंबू नका, तारेवर काय गेलं तेच बघा.

अल्फा बदलल्यावर साखळी एका टोकापासून तपासा. स्विचवर रांग ३ च्या खुणा वाढतात का. रिसीव्हरवर एनपी_ईसीएन_मार्क्ड_रॉकी_पॅकेट्स तितपत वाढतो का. त्याच रिसीव्हरवर एनपी_सीएनपी_सेंट (सीएनपी म्हणजे पाठवणाऱ्याला वेग कमी करायला सांगणारं पॅकेट). आणि पाठवणाऱ्यावर आरपी_सीएनपी_हँडल्ड. जिथे आकडा अडतो तिथे दोष. पहिले दोन वाढून तिसरा शून्य असेल तर रिसीव्हरच्या कार्डावर प्रायॉरिटी ३ साठी नोटिफिकेशन बंद आहे. तिसरा वाढून चौथा अडला तर सीएनपी वाटेत हरवतेय: बहुधा कुठल्यातरी स्विचवर डीएससीपी ४८ चा नकाशा नाही आणि ती रांग ० च्या गर्दीत पडते. हाच ४८ बीजीपीसुद्धा (स्विचमधला राउटिंग प्रोटोकॉल) वापरतं, म्हणून रांग ६ वर कोणी वेगमर्यादा घातली असेल तर ती काढा किंवा सैल करा.

पुढे व्हीएक्सलॅन (पॅकेटला बाहेरून दुसऱ्या आयपी हेडरचं वेष्टन) घालणार असाल तर आतला डीएससीपी बाहेरच्या हेडरवर उतरतो का आणि वेष्टन काढताना बाहेरची ईसीएनची खूण आतल्या हेडरवर येते का, हे दोन्ही तपासा. दुसरी गोष्ट आरएफसी ६०४० मध्ये नीट सांगितली आहे. ती न झाल्यास स्पाइनवर पडलेली खूण शेवटच्या लीफवर पुसली जाते.

---

साधी_वायर

थोडा विरोधी सूर. एवढा खटाटोप करण्यापेक्षा पीएफसी फक्त सर्व्हर ते लीफ ठेवावी आणि स्पाइनवर केवळ ईसीएन, असं का करू नये? नवी कार्डं हरवलेलं तेवढंच पॅकेट पुन्हा पाठवू शकतात. कोंडी पसरण्याचा प्रश्नच मिटेल.

---

हेडरूम_हिशेबी

साधी_वायर, सगळीकडून पीएफसी काढून केवळ ईसीएनवर चालवणं हा एक सुसंगत मार्ग आहे, कार्डं तशी असतील तर. पण अर्धवट ठेवणं हा मार्ग नाही. पीएफसी एका लिंकपुरती बोलते. लीफने अपलिंकवर पॉज सोडला आणि स्पाइनने तो ऐकलाच नाही, तर लीफचा हेडरूम काही मायक्रोसेकंदांत भरेल आणि ड्रॉप होतील. म्हणजे हेडरूमचा बफर अडवूनही नुकसान आहेच. ठेवायची तर वाटेतल्या प्रत्येक लिंकच्या दोन्ही टोकांना, त्याच प्रायॉरिटीवर.

जुन्या कार्डांवर तर काढूच नका. ती हरवलेल्या पॅकेटपासून पुढचं सगळं पुन्हा पाठवतात, त्यामुळे अगदी थोडे ड्रॉपही वेग फार खाली आणतात.

---

पॅकेटपारखी

वॉचडॉगबद्दल कोणी बोललं नाही. चालू ठेवा, लीफच्या सर्व्हरकडच्या पोर्टवर तर नक्कीच.

कारण असं. १०० गिगाबिटवर एका पॉज फ्रेमची कमाल मुदत ६५,५३५ क्वांटा, म्हणजे ०.३३५ मिलिसेकंद. कोंडीतले खरे पॉज याहूनही लहान असतात, रांग उतरली की शून्य मुदतीची फ्रेम येऊन वाहतूक सुटते. एखादी रांग सलग २०० मिलिसेकंद अडकून राहिली तर शेजाऱ्याने सुमारे सहाशे पूर्ण मुदतीचे पॉज एकामागून एक सोडले असा अर्थ. एवढी कोंडी निरोगी जाळ्यात होत नाही. बिघडलेलं कार्ड किंवा लटकलेला सर्व्हर असं करतो, आणि त्याचा पॉज लीफवरून स्पाइनवर, तिथून इतर लीफवर चढत जातो. एक सर्व्हर अख्खं जाळं थांबवू शकतो.

ओळखण्याची मुदत २०० ते ४०० मिलिसेकंद, कृती "ड्रॉप", परत चालू करण्याची मुदत तितकीच किंवा थोडी जास्त. काही स्विचवर डिफॉल्ट कृती पूर्ण पोर्ट किंवा रांग बंद करण्याची असते आणि ती हाताने उघडावी लागते. ते आधी वाचून घ्या. १०० मिलिसेकंदांच्या खाली जाऊ नका, नाहीतर मोठ्या पण खऱ्या कोंडीतही ड्रॉप सुरू होतील. कार्डाकडेही अशीच सोय असते. लिनक्सवर एमएलएक्स५ ड्रायव्हरच्या कार्डांत पॉज रोखण्याची मुदत डिफॉल्टने ८ सेकंद असते, ती "ऑटो" केली की १०० मिलिसेकंद होते. ८ सेकंद फार झाले.

लीफ_आठवा, तुमच्याकडे आत्ता सर्व्हरकडून पॉज येत नाहीत, पण उद्या आले तर आधी पीसीआयई बघा. तिसऱ्या पिढीच्या आठ लेनच्या स्लॉटला ६३ गिगाबिटच मिळतात. १०० गिगाबिटचं कार्ड अशा स्लॉटमध्ये बसलं, किंवा १६ लेनचा स्लॉट काही कारणाने ८ वर जुळला, तर ते सतत पॉज सोडणारच. लिंकची जुळलेली रुंदी आणि वेग दोन्ही वाचा, स्लॉटवर काय छापलंय ते नव्हे.

डेडलॉकचं (सगळे एकमेकांना थांबवून कोणीच हलत नाही अशा स्थितीचं) एक कारण लेयर ३ च्या जाळ्यातही शिल्लक राहतं. लीफवर एआरपीची नोंद आहे पण मॅक टेबलमधली नोंद जुनी होऊन गेली, तर स्विच ते पॅकेट त्या व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टवर पसरवतो. लॉसलेस पॅकेट असं पसरलं की वर-खाली जाण्याची शिस्त मोडते आणि पॉजचं वर्तुळ तयार होऊ शकतं. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१६ साली हे सविस्तर मांडलं होतं. तिथे मॅकची मुदत ५ मिनिटं आणि एआरपीची ४ तास होती. मॅकची मुदत एआरपीपेक्षा मोठी ठेवा, किंवा मॅक माहीत नसलेल्या लॉसलेस पॅकेटला पसरवण्याऐवजी टाकण्याची सोय स्विचमध्ये असेल तर ती लावा. सर्व्हरचा पोर्ट थेट राउटेड असेल तर हा प्रश्न उरत नाही.

---

लीफ_आठवा

अल्फा १/८ केला. स्पाइनकडे जाणारे पॉज जवळजवळ थांबले, खुणा वाढल्या, चारही काउंटर एका ओळीत चढतात. हेडरूमही नव्या हिशेबाने बसवला आहे. आता पॉज फारसे होतच नाहीत, तर हेडरूम पुरतो की नाही याची खात्री कशी करायची?

---

खूण_आधी_पॉज_नंतर

कामं बंद असताना ३ नंबरच्या रांगेवरचा ईसीएन तेवढ्यापुरता काढून टाका. ईसीएन चालू असेपर्यंत हेडरूमची परीक्षाच होत नाही.

मग आठ सर्व्हरवरून एकाच सर्व्हरकडे राइटची चाचणी एकदम सोडा, ट्रॅफिक क्लास १०६ देऊन, संदेश १ एमबीचे, प्रत्येकाकडून पुरेशा क्यूपी, म्हणजे चारही अपलिंक भरतील. पाठवणारे सर्व्हर दोन-तीन वेगळ्या लीफखालचे घ्या, आणि एक-दोन रिसीव्हरच्याच लीफखालचे, म्हणजे सर्व्हरकडच्या पोर्टचा हेडरूमही तपासला जाईल. सोबत त्याच रिसीव्हरकडे टीसीपीचा एक प्रवाह रांग ० मधून चालू ठेवा. चाचणी दहा मिनिटं चालू द्या.

दिसायला हवं ते असं: प्रायॉरिटी ३ चे पॉज भरपूर, रांग ३ आणि तिच्या आतल्या बाजूला ड्रॉप शून्य, कार्डांवर आउट_ऑफ_सीक्वेन्स शून्य, आणि टीसीपीला त्याचा ४० टक्के वाटा मिळतोय. टीसीपी पॉजसोबत बसकण मारत असेल तर कुठेतरी सरसकट पॉज अजून चालू आहे.

यानंतर हेडरूमचा वॉटरमार्क (झालेला सर्वांत जास्त वापर) वाचा, प्रत्येक पोर्टचा वेगळा, आणि चाचणीच्या आधी तो शून्य करून घ्या. तो राखून ठेवलेल्या आकाराच्या ६०-७० टक्क्यांवर असेल तर हिशेब बरोबर. ९५ टक्क्यांवर गेला असेल तर त्या पोर्टची केबल तुम्ही लिहिलेल्या लांबीपेक्षा लांब आहे किंवा शेजारी उशिरा थांबतोय. केबलच्या मार्गात पॅच पॅनल असेल तर त्याच्या मागची लांबीही मोजा. शून्य राहिला तर त्या पोर्टवरून पॉजच सुटला नाही, म्हणजे त्याची परीक्षा अजून बाकी आहे, पाठवणारे बदलून पुन्हा चालवा.

झाल्यावर ईसीएन परत लावा आणि तीच चाचणी पुन्हा सोडा. या वेळी पॉज सुरुवातीच्या क्षणी थोडे, मग खुणा आणि सीएनपी. पॉज पूर्ण दहा मिनिटं चालूच राहिले तर अल्फा आणि कमालीचा हिशेब स्पाइनवरही करा, लीफवरचा आकडा तिथे तसाच चालत नाही, कारण पूल वेगळा आणि पोर्टचा वेगही वेगळा.